बावीस इंची फ्रेम आणि सदुसष्ट सेंटिमीटरचा पाय

आमच्या घरात एक वाक्य जवळजवळ पन्नास वर्षे टिकून आहे : ‘आक्काला सायकल जमली नाही.’ साल १९७७. गावातली शाळा सातवीपर्यंतच. पुढचे शिक्षण घ्यायचे तर साडेपाच किलोमीटरवर जळकोट. वडिलांनी एक जुनी बावीस इंची सायकल घेतली. आक्काचा पाय दांडीवरून जाईना, म्हणून ती दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शाळेला जाऊ लागली. बालाघाटच्या या डोंगरी पट्ट्यात रस्ता म्हणजे मुरूम आणि दगड. पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याच्या उतारावर ती पडली, हात मोडला आणि शाळा सुटली. चार-पाच वर्षांनी त्याच सायकलवरून त्याच ओढ्यात मीही पडलो. माझी शाळा मात्र सुटली नाही. तो मुलगा-मुलगीतला फरक होता, आणि तो मी झाकू इच्छित नाही. पण वाक्यात दोष सायकल न जमण्याला दिलेला होता, म्हणून ते वाक्य एकदा मोजपट्टी लावून तपासावे असे मला वाटत राहिले.

मी इंजिनिअर नाही. स्थानिक इतिहासाची कागदपत्रे जमवणे हा माझा छंद. पण दोन वर्षांपूर्वी आक्काच्या नातीसाठी, तिच्या मापाची सायकलची फ्रेम संगणकावर आखून जळकोटातच बनवून घेण्याच्या खटाटोपात मी पडलो, आणि त्या निमित्ताने फ्रेमच्या मापाचा इतिहास वाचू लागलो. हा लेख त्या वाचनाचा आणि खटाटोपाचा आहे. प्रश्न एकच : सायकल माणसाच्या मापाने बनवायची, ही गोष्ट कधी सुरू झाली, कधी थांबली आणि आता पुन्हा कशी शक्य झाली?

पायाच्या मापाचे चाक

उत्तराची सुरुवात अनपेक्षित ठिकाणी होते. पायडलची पहिली यशस्वी वाहने मापानेच विकली जात. १८७०च्या दशकात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जेम्स स्टार्ली आणि इतर कारागिरांनी पुढचे चाक प्रचंड मोठे असलेली सायकल लोकप्रिय केली. तिला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणून वेग हवा तर चाक मोठे हवे. पण चाक किती मोठे करता येईल, याला मर्यादा होती ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. कोणाला ४८ इंची चाक, तर कोणा उंच माणसाला ६० इंची. शिंप्याकडे जावे तसा पाय मोजूनच गिऱ्हाईक सायकल घेई.

त्या काळाची एक खूण आजही इंग्रजी परंपरेतल्या सायकलच्या हिशोबात शिल्लक आहे. तिथे गिअर ‘इंचात’ मोजतात. २८ इंची चाक, पुढे ४४ दाते, मागे १८ दाते असतील तर गिअर साधारण ६८ इंच येतो. म्हणजे ही सायकल ६८ इंच व्यासाच्या त्या जुन्या चाकाइतकी पळेल. असे चाक चालवील एवढा लांब पाय कोणाचाच नसतो. साखळीने ते साधले.

ही साखळीची सायकल १८८५ साली आली. जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ बाजारात आणली. दोन सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला. पुढच्या काही वर्षांत दोन त्रिकोणांची, हिऱ्याच्या आकाराची फ्रेम पक्की झाली. ती आजतागायत टिकली आहे. आता चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला. माप गेले फ्रेमकडे. आणि सीट वर-खाली करता येऊ लागल्यावर एकाच फ्रेमवर अनेक माणसे ‘भागवून’ घेऊ लागली. भागवून घेणे आणि बसणे यांतला फरक ज्यांचा पाय त्या मर्यादेच्या आत होता, त्यांना कधी कळला नाही.

ड्रॉइंगचे मास्तर आणि बेळगावचे दुकान

मराठी मुलखात सायकलच्या इतिहासाचा पहिला ठळक धागा लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे जातो. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसल्याने रंगकाम सोडावे लागले आणि ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते ड्रॉइंग शिकवत. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरले बंधू रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, लोकांना चालवायला शिकवायचे, अशी वाटणी होती.

या गोष्टीपाशी मी बराच काळ थांबलो. सायकलचा आराखडा कागदावर काढू शकेल असा माणूस आपल्याकडे होता, आणि त्याच्याच दुकानात सायकली येत होत्या. पण सायकल येई ती तयार, पेटीतून, विलायतेच्या मापाने. दुकानाचे काम विकण्याचे, शिकवण्याचे आणि दुरुस्तीचे. लक्ष्मणरावांची ड्रॉइंगची कला कामी आली ती कडबा कापण्याच्या यंत्राला आणि लोखंडी नांगराला, म्हणजे जिथे तयार विलायती वस्तू आपल्या जमिनीला आणि बैलांना पुरेशी नव्हती तिथे. लोखंडाने जमिनीत विष भिनेल असे समजणाऱ्या शेतकऱ्यांना तो नांगर पटवायला त्यांना फार झगडावे लागले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर आपल्या मापाचा झाला, सायकल मात्र दुसऱ्याच्याच मापाची राहिली.

एकच साचा

स्वातंत्र्यानंतर सायकली देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. मद्रासला टी. आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९८६ साली हीरोची नोंद जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात झाली. हे यश लहान नाही. गवळी, पोस्टमन, शिक्षक, पेपरवाला, सगळ्यांचा संसार या काळ्या सायकलने ओढला. तिची मजबुती, छर्ऱ्यांपासून चिमट्यापर्यंत कोणत्याही गावात मिळणारे सुटे भाग, आणि पान्यांच्या एका पिशवीत मावणारी दुरुस्ती, यांमुळेच ती खेड्यात पोचली.

पण साचा इंग्लिश रोडस्टरचाच होता, आणि मापे जवळपास दोनच : २२ इंच आणि २४ इंच. हे माप सीटच्या नळीचे. आता हिशोब करून पाहू. २२ इंच म्हणजे ५६ सेंमी. त्यावर स्प्रिंगांच्या सीटची उंची साधारण ९ सेंमी. म्हणजे सीट पूर्ण खाली दाबली तरी पायडलच्या आसापासून ती ६५ सेंमीवर राहते. सीट किती उंच असावी, याचा शर्यतीच्या सायकलस्वारांत एक प्रसिद्ध ठोकताळा आहे : पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. आक्काची उंची पाच फुटांना दोन इंच कमी, पायाची आतली लांबी ६७ सेंमी. गुणाकार येतो ५९ सेंमी. म्हणजे सर्वांत खाली असलेली सीटसुद्धा तिच्यासाठी ६ सेंमी उंच होती. वरची दांडी जमिनीपासून साधारण ८० सेंमीवर. सायकल थांबवून दोन्ही पाय टेकायचे, तर ते ६७ सेंमीच्या पायाला शक्यच नव्हते.

वाक्य तपासून झाले. या आकड्यांनंतर ते मला पुन्हा उच्चारता आलेले नाही.

लेडीज सायकल होतीच, असे कोणी म्हणेल. झगा घालून बसता यावे म्हणून दांडी खाली वाकवलेली फ्रेम इंग्लंडमध्ये १८९०च्या आधीपासून आहे. पण आमच्या भागात ती सायकल मुलीसाठी वेगळी घ्यावी लागे. घरात सायकल एकच, आणि ती बापाच्या नाहीतर भावाच्या मापाची. एकाच सायकलवर सगळे घर, हा सोयीचा हिशोब सर्वांत लहान पायाच्या माणसाच्या जिवावर चालत होता.

तोल कागदावर

फ्रेम बनवताना नळ्यांची लांबी बदलली की काम झाले, असे मला वाटे. तसे नसते. आर्चिबाल्ड शार्प या अभियांत्रिकी शिक्षकाने १८९६ साली सायकल आणि ट्रायसिकलच्या रचनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. कोणत्या नळीवर किती ताण, किती दाब, हे त्यात रेषा काढून मांडले आहे. (योगायोग असा की आक्काची शाळा सुटली त्याच १९७७ साली अमेरिकेत तो ग्रंथ पुन्हा छापला गेला.) १८९९ साली केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपलने सायकलच्या तोलाची समीकरणे मांडली. चालती सायकल स्वाराशिवायही काही अंतर सरळ का जाते, हे कोडे मात्र पुढे शतकभर चघळले गेले. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असे एक उत्तर. पुढचे चाक हँडलच्या मागे ओढले जाते म्हणून, असे दुसरे. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डच आणि अमेरिकन संशोधकांनी या दोन्ही गोष्टी काढून टाकलेली, तरीही स्वतःचा तोल सांभाळणारी एक प्रायोगिक सायकल दाखवली. म्हणजे यांपैकी कोणतीही एक गोष्ट अत्यावश्यक नाही. अनेक मापांचा मेळ लागतो.

यातले एक माप समजून घेऊ, कारण पुढे त्याच्यावरच आमचे अडले. हँडलची नळी तिरपी असते. तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर चाक जमिनीला जिथे टेकते त्याच्या थोडी पुढे ती पोचते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ‘ट्रेल’. फार कमी असेल तर सायकल बिचकते, फार जास्त असेल तर हळू जाताना हँडल जड होऊन एका बाजूला पडते. चाकाची त्रिज्या ३४० मिमी, नळीचा कोन ७२ अंश, चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिमी असेल तर ट्रेल येतो ६३ मिमी. कोन फक्त दोन अंशांनी कमी करून ७० केला की ट्रेल होतो ७६. दोन अंश म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही असा फरक, पण हाताला लगेच कळतो.

पूर्वी नावाजलेले फ्रेम बनवणारे कारागीर हा मेळ पूर्ण आकाराचे, एकास एक ड्रॉइंग काढून बसवत. एक माप बदलले की रबर घेऊन अर्धी सायकल पुसायची. एका गिऱ्हाइकासाठी एक ड्रॉइंग म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे पैसा. मापाची सायकल शर्यतवाल्यांपुरती उरली, याचे एक मोठे कारण हे.

रेषा ऐकू लागल्या

हे रबर सुटले ते संगणकामुळे. १९६३ साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये आयव्हन सदरलँड या तरुणाने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम आपल्या प्रबंधासाठी तयार केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनने रेषा काढता येत, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नव्हते. ‘या दोन रेषा समांतर राहिल्या पाहिजेत’, ‘या दोन सारख्या लांबीच्या हव्यात’ अशा अटी रेषांना घालता येत आणि एक रेषा हलवली की बाकीच्या अट पाळून आपोआप हलत. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ने ड्रॉइंग साध्या टेबलावरच्या संगणकावर आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, एक आकडा बदलला की सगळे भाग बदलतील अशी त्रिमितीय सॉफ्टवेअर बाजारात आली. पुढे खास सायकलच्या फ्रेमसाठी कॅनडातील ब्रेंट करी यांचे ‘बाइककॅड’ आले, आणि ‘फ्रीकॅड’सारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरही आली.

आपल्याकडे मापाचा विचार संगणकाच्या वाटेने आला तसा कारागिरीच्या वाटेनेही आला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सायकल रिक्षाची फ्रेम नव्याने आखली. ओढणाऱ्या माणसाचे श्रम कमी व्हावेत, हा हेतू. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ भिसे यांनी सायकलचे चाक, चिमटा आणि हँडल वापरून ‘कृषिराजा’ हे कोळपे बनवले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्याची दखल घेतली. दोघांचीही सुरुवात सायकलपासून झाली नाही. ती काम करणाऱ्या शरीरापासून झाली.

जळकोटातला आराखडा

आता आमचा खटाटोप. आक्काची नात नववीत, उंची बरोबर आजीएवढी, १४७ सेंमी. पायाचे माप घेण्याची रीत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याची वही दोन पायांच्या मध्ये सीटसारखी वर दाबायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. आले ६७. आक्का शेजारी उभी होती, तिचेही घेतले. तेही ६७. वरच्या हिशोबातला आकडा हा.

शेजारचा एक मुलगा आय. टी. आय.मध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून आलेला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही बसलो. मला वाटले, तो आधी नळ्या काढेल. त्याने काढले तीन ठिपके : पायडलचा आस, सीट, हाताची मूठ. “काका, शरीर सायकलला फक्त इथंच टेकतं. हे ठरलं की मग चाकं, आणि नळ्या सगळ्यात शेवटी,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत सायकलकडे मी या बाजूने पाहिलेच नव्हते. कारखाना नळ्यांपासून सुरू करतो आणि माणूस शेवटी बसवतो. इथे क्रम उलटा होता.

पहिल्या आराखड्यात मोठी चाके घेतली. फ्रेम आखूड झाल्याने वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागणार, हे पडद्यावरच दिसले. हिशोब साधा : क्रँक १७० मिमी, पायडलपुढे येणारा बूट १०० मिमी, चाकाची त्रिज्या ३४०, एकूण ६१०. आणि आमच्या आराखड्यात पायडलच्या आसापासून पुढच्या आसापर्यंत अंतर होते ५६५. ओढ्याच्या उतारावर वळताना बूट अडकला असता तर काय झाले असते, हे आमच्या घराला सांगायला नको. मग चाके २६ इंची केली, त्रिज्या ३१८. क्रँक लहान मुलांच्या सायकलचा, १५२ मिमी. बेरीज ५७०. कोन ७२चा ७० केला, तसे अंतर ५७५पर्यंत गेले. कोन कमी केल्याने ट्रेल फार वाढेल अशी भीती होती, पण चाक लहान असल्याने तो ६८ मिमीवर राहिला. दोन बदल एकमेकांना सांभाळून घेत होते. एकास एक ड्रॉइंगवर हे शोधायला आठवडा लागला असता. इथे संध्याकाळ लागली.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. गावातले मिस्त्री चाचा ट्रॉल्या, कोळपी, खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. भंगारातून एक जुनी फ्रेम आणून तिची हँडलची नळी, पायडलच्या आसाची नळी आणि मागच्या आसाच्या पट्ट्या कापून घेतल्या. बाकी नळ्या नव्या. नळी नळीला टेकते तिथे तोंड माशाच्या तोंडासारखे गोल कापावे लागते. त्याचे नमुने सॉफ्टवेअरने कागदावर छापून दिले. कागद नळीभोवती गुंडाळायचा, रेघ मारायची, कानशीने घासायचे. चाचांना हे फार आवडले.

पण मागचा भाग जोडल्यावर चाक बसवले तर ते एका बाजूला ६ मिमी सरकलेले. आराखडा बरोबर होता, कापणीही बरोबर होती. एका बाजूचा सांधा सलग जोडल्याने तापून लोखंड ओढले गेले होते. माझा चेहरा पाहून चाचा म्हणाले, “कागज को बुखार नै चढता, लोहे को चढता.” त्यांनी सांधे कापले आणि पुन्हा जोडले, या वेळी आधी सगळीकडे टाके मारून, मग डावी-उजवी बाजू आलटून पालटून, मध्ये थंड होऊ देत. फरक एका मिलिमीटरच्या आत आला. ही गोष्ट आमच्या आराखड्यात कुठेच नव्हती. ती चाचांच्या हातात होती.

नातीला बसवण्याआधी आठवडाभर ड्राफ्ट्समनने स्वतः सायकल चालवली, मागे ज्वारीचे पोते बांधून. मगच ती शाळेला गेली. कारखान्याच्या सायकलपेक्षा ती जड आहे, कारण नळ्या फर्निचरच्या जाडीच्या होत्या. रंगही नीट बसला नाही. पण सीटवर बसून तिचे पाय पायडलला पुरतात, आणि थांबली की दोन्ही पाय जमिनीला टेकतात.

हिशोबाची शेवटची ओळ

प्रत्येक मुलीसाठी वेगळी फ्रेम बनवा, असे मी म्हणणार नाही. आमच्या सायकलीला लागलेला वेळ आणि त्रास पाहता ते शक्यही नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ही चांगली योजना आहे. त्या अर्जात पायाच्या मापाचा एक रकाना असावा आणि सायकल घेताना तो वाचला जावा, एवढेच माझे म्हणणे. आता बाजारात लहान चाकांच्या, खालच्या दांडीच्या सायकली मिळतात. त्यांतली कोणती कोणाला, हे ठरवायला लॅपटॉपही लागत नाही. एक भिंत, एक वही, एक टेप.

कॉव्हेंट्रीच्या दुकानदाराला १८७०च्या दशकात हे माहीत होते. साखळी आली, कारखाने आले, सायकल स्वस्त झाली, आणि या सोयीत पाय मोजणे राहून गेले. संगणकाने ते परत आणले असे म्हणण्यापेक्षा, संगणकाने ते आम्हाला पुन्हा विचारायला लावले असे म्हणणे बरोबर. पडद्यावर पहिला ठिपका ठेवण्याआधी कोणाचा तरी पाय मोजावाच लागला.

सायकल घरी आली त्या संध्याकाळी आक्का अंगणात तिच्यावर पाय टाकून उभी राहिली. बसली नाही, चालवली नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “हिची दांडी खाली हाय की रे.” मी म्हणालो, “हो आक्का. मोजून केलीय.”